सात गोळ्या आणि टांझानियाचं जंगल

आफ्रिकेच्या जंगलात जाऊन आले म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सिंह दिसला का?" दिसला. गाडीपासून दहा पावलांवर, झाडाखाली आडवा पडून जांभया देत होता. पण माझ्या जिवावर उठलं ते सिंहापेक्षा पुष्कळ लहान होतं, आणि ते मला कधी चावलं हेही मला कळलं नाही. आजारी पडले तीसुद्धा जंगलात नाही. जर्मनीत, वाल्डॉर्फमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये, बाहेर बर्फ पडत असताना. मरता मरता वाचले म्हणतात ते मी आता नुसतं बोलायला म्हणून म्हणत नाही. तुम्ही कधी तिकडे जाणार असाल तर माझी चूक करू नका, एवढ्यासाठी हे लिहितेय. आणि माझ्या सासऱ्यांबद्दल लिहायचंय म्हणूनही.

निघण्यापूर्वी, वाल्डॉर्फ

मी वैशाली, माहेर नागपूर, इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आठ वर्षं आहे. नवरा मिलिंद एश्बॉर्न गावातल्या एका कंपनीत कन्सल्टंट, आठवड्यातले चार दिवस तिकडेच. मुलगी संघमित्रा, दहा वर्षांची. शाळेत सगळ्यांची मित्रा. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. आजोबांनाही ती 'ओपा'च म्हणते.

ते ओपा, म्हणजे मिलिंदचे वडील, आमचे बाबा, २०१६च्या नोव्हेंबरात चंद्रपूरहून तीन महिन्यांसाठी आले. नोकरी सगळी हिवताप विभागात. खांद्याला पिशवी, पिशवीत काचपट्ट्यांची पेटी, सुया, कापूस आणि गोळ्या. गावोगाव पायी हिंडायचं, घराघरात विचारायचं, "ताप कोणाले आला का?" ज्याला आला त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, गोळी समोर गिळायला लावायची, आणि दारावर तारीख, माणसं किती, तापाचे किती, असं लिहून खाली सही करायची. लग्न ठरताना माझी आई पाहुण्यांना सांगायची, "सासरे आरोग्य खात्यात आहेत." पुढचं आम्ही कोणी सांगत नव्हतो. मीही नाही. खोटं कशाला बोलू, मला त्याची थोडी लाजच वाटायची.

ख्रिसमसच्या सुटीत टांझानियाला जायचं आम्ही आधीच ठरवलं होतं. बाबांना एकटं घरी ठेवणं शक्यच नव्हतं. मी हायडेलबर्गला प्रवासाच्या लसी देणाऱ्या डॉक्टरबाईंची अपॉइंटमेंट घेतली आणि चौघांची वरात तिकडे गेली. बाई पिकल्या केसांच्या, शिस्तीच्या. टायफॉइडची लस, हेपॅटायटिसची लस, बाबांच्या वयाला काय चालेल, काय नाही, सगळं नीट बघितलं. प्रत्येकाच्या नावाची लसींच्या नोंदीची पिवळी पुस्तिका, इम्फपास. बाबांना त्या पुस्तिकेचं काय कौतुक! शिक्के उलटेपालटे करून बघत होते.

मग बाईंनी मलेरियाच्या गोळ्या लिहून दिल्या. रोज एक, जेवणाबरोबर. निघायच्या आदल्या दिवसापासून सुरू, तिथे असेपर्यंत रोज, आणि परत आल्यावर आणखी सात दिवस.

"परत आल्यावर कशाला?" मी विचारलं.

बाई उत्तर द्यायच्या आत बाबा मराठीत म्हणाले, "बेटा, चावल्यावर तो किडा आधी कलेजात जाऊन बसते. तिथून बाहेर रक्तात येते, तवा त्याले मारायले गोळी पाहिजे. आपण घरी आलो म्हणून तो थोडाच घरी जाते."

मी हे बाईंना सांगितलं. बाई बाबांकडे बघून म्हणाल्या, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. मग मला बजावलं, "परत आल्यावर कित्येक महिने, कधीही ताप आला की त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं आणि पहिलं वाक्य हे बोलायचं, की मी टांझानियाला गेले होते." मी मान डोलावली. शहाण्याला शब्दांचा मार म्हणतात, पण त्यासाठी माणूस आधी शहाणा लागतो.

नदीकाठ, पहिले दिवस

दार-एस-सलामहून जीपने सहा तास. रस्त्याचं वर्णन करत नाही, कमरेला अजून आठवतो. कॅम्प म्हणजे रुफिजी नदीच्या काठावर लाकडी चौथऱ्यांवर बांधलेले आठ-दहा तंबू. आमचा गाइड जुमा, चाळिशीचा, उंच, आवाज असा हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. मित्राने "ओपा" अशी हाक मारली आणि मी "बाबा" अशी. 'बाबा' ऐकताच जुमाचा चेहरा फुलला. त्यांच्या स्वाहिलीतही वडिलांना बाबाच म्हणतात. झालं, सासऱ्यांना सबंध कॅम्पच बाबा म्हणायला लागला.

जुमाने आल्या आल्या नियम सांगितले. अंधार पडल्यावर पहारेकऱ्याशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही. जीपमध्ये उभं राहायचं नाही, ओरडायचं नाही, खाली उतरायचं तर तो म्हणेल तेव्हाच. नदीत हात घालायचा नाही, पोहायचं तर नावच नको. पाणी फक्त बाटलीतलं. संध्याकाळी पूर्ण बाह्या, पाय झाकलेले. आणि तंबूत खायचं काहीही ठेवायचं नाही, बिस्किटसुद्धा नाही. सगळं स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या पेटीत.

"आणि हे काय?" असं म्हणून त्याने मिलिंदच्या शर्टाकडे बोट दाखवलं. मिलिंदने खास प्रवासासाठी गडद निळे शर्ट घेतले होते, मळखाऊ म्हणून. तिथे त्सेत्से नावाची माशी असते, तिला निळा आणि काळा रंग फार आवडतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत आम्ही सगळे हत्ती बघत होतो आणि मिलिंद एकटा स्वतःला थोबाडीत मारून घेत होता. कापडावरूनही चावते ती. संध्याकाळी त्याने जुमाचा खाकी शर्ट मागून घेतला. तो त्याला गुडघ्यापर्यंत आला.

इकडे बाबांनी आमच्या तंबूचा ताबा घेतला होता. मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचली. मग चष्मा लावून जाळीवर वीतवीत हात फिरवला आणि एक भोक शोधलंच. "सुई-दोरा आहे माझ्याजवळ," म्हणाले. टीपही अशी घातली की माझ्या आईने शाबासकी दिली असती. नंतर बाहेर पक्ष्यांसाठी ठेवलेल्या मातीच्या भांड्यापाशी उकिडवे बसले आणि मित्राला बोलावलं.

"हे पाह्य, पोट्टे. पाण्यात आळ्या दिसतेत का? ही पाण्याच्या वर आडवी झोपली आहे न, ही मलेरियावाली. अन् तिरपी लटकते ती दुसरी. तिचा आजार दुसरा."

मित्रा नाक पाण्याला लागेपर्यंत वाकली. "इगिट!" म्हणाली, म्हणजे शीः. पण उठली नाही. जुमा मागून बघत होता. बाबांनी भांडं ओतून दिलं आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "एव्हरी वीक, ड्राय डे." जुमाने खिशातून वही काढून लिहून घेतलं. मग कळलं, कॅम्पची औषधाची पेटीही त्याच्याकडेच असते, आणि त्याला स्वतःला मलेरिया किती वेळा झाला ते त्याने मोजायचं सोडून दिलंय. "तुम्ही पाहुणे गोळ्या घेऊन येता," तो म्हणाला, "आम्ही इथेच असतो. रोज गोळी कोण घेणार, आणि किती वर्षं?"

खाण्याचं सांगायचं तर पाहुण्यांसाठी पास्ता, सूप असं असायचं. बाबा दोन दिवस गप्प बसून जेवले. तिसऱ्या दिवशी दुपारी दिसेनात म्हणून शोधत गेले तर स्वयंपाकघरामागे जुमा आणि इतर कामाची माणसं एका मोठ्या थाळीभोवती बसली होती आणि त्यात आमचे बाबा. मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, त्याला ते उगाली म्हणतात, सोबत माठासारखी पालेभाजी दाण्याचं कूट घालून, आणि बारके सुकवलेले मासे, आपल्या सुकटीसारखे. सगळ्यांचे हात एकाच थाळीत.

"ये वं बेटा, बस," बाबा म्हणाले. "गरमागरम आहे, काही होत नाही."

मी बसले. खरंच चव अशी होती की मी लाज सोडून जेवले. बाबा मात्र मध्येच थांबले. थाळीकडे बघत मला म्हणाले, "काही गावांत लोक रक्तासाठी बोट द्यायचे मले. पानी नाही द्यायचे. दिलंच तर वरून ओंजळीत." एवढंच बोलले आणि परत जेवायला लागले. बारा वर्षं मी त्यांची सून आहे, हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

होडीतली सकाळ

पाचव्या सकाळी नदीतून होडीने निघालो. पाणघोडे पाण्यातून नुसते कान आणि डोळे वर काढून आमच्यावर नजर ठेवून होते. जुमा होडी त्यांच्यापासून लांब, कडेकडेने काढत होता. सिंहापेक्षा यांनाच तो जास्त भितो म्हणाला. काठावर मगरी तोंड वासून पडलेल्या. मित्राने एकदा हात पाण्याकडे नेला तसं बाबांनी तिचं मनगट धरलं ते उतरेपर्यंत सोडलं नाही.

नाश्त्यानंतरची वेळ होती. मिलिंदने सगळ्यांना गोळ्या दिल्या आणि मित्राने तोंड वाकडं केलं. तेव्हा बाबा तिला म्हणाले, "गिळ. अन् तोंड उघड. जीभ वर कर." तिने केली. त्यांनी नीट बघितलं आणि "हां," म्हणाले.

"बाबा, ती काय फसवतेय?" मी हसून म्हटलं.

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "एक बाई होती. ताप होता, काचपट्टी घेतली, गोळ्या देल्या. दुसऱ्या दिवशी इचारलं, घेतली का? हो म्हणे. तिसऱ्या दिवशी, हो. मी मानलं. लोकाच्या बाईले तोंड उघड कसं म्हणू? चवथ्या दिवशी गेली. गोळ्या उशाखाली होत्या, कडू लागते म्हणून. दीड वर्षाचं लेकरू होतं तिचं." त्यांनी मित्राचं मनगट आणखी घट्ट धरलं. "त्याच्यानंतर मी कोणालेच सोडलं नाही. पाटील असो की पाटलीण. तोंड उघड."

जुमाला मराठी कळत नव्हतं, पण त्याने वळून बघितलं.

चिवडा

आता माझा पराक्रम. तंबूत खायचं ठेवायचं नाही हा नियम मला मान्य होता. पण चिवडा म्हणजे काय खाणं झालं? मराठी माणूस प्रवासाला निघाला आणि सोबत चिवडा नाही असं कधी झालंय? मी वाल्डॉर्फहून घरी केलेला पातळ पोह्यांचा चिवडा आणला होता, नारिंगी कापडी पिशवीत, आणि ती पिशवी उशाशी ठेवली होती. आणि गोळी विसरू नये म्हणून माझ्या गोळ्यांची पाकिटंही त्याच पिशवीत. केवढी हुशारी!

सातव्या दिवशी दुपारी आंघोळीला गेले तेव्हा तंबूची चेन वीतभर उघडी राहिली. बाहेर आले तर एक काळ्या तोंडाचं माकड ऐटीत माझ्या पलंगावर बसलेलं. मी किंचाळले, त्याने पिशवी उचलली आणि समोरच्या झाडावर. वरून पोह्यांचा पाऊस. शेंगदाणे वेचून खाल्ले त्याने, कढीपत्ता फेकून दिला, अगदी मित्रासारखा. मिलिंद पोट धरून हसत होता. मीही हसले. मग आठवलं, गोळ्या!

जुमाने खडे मारून पिशवी पाडली. एक पाकीट सापडलं, अर्धं चावलेलं. त्यात निघेपर्यंतच्या तेवढ्या धड होत्या. दुसरं पाकीट, ज्यात परत गेल्यावरच्या सात गोळ्या, ते झाडावर की माकडाच्या पोटात, देव जाणे. जुमाच्या पेटीत या गोळ्या नव्हत्या, तिथे फक्त ताप आल्यावरचं औषध.

जुमा रागावला नाही. स्वाहिलीत बाईला मामा म्हणतात, तसा शांतपणे म्हणाला, "मामा, आज माकड होतं. चिवड्याच्या वासाने हत्ती येतो तेव्हा तो चेन उघडत नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा म्हणाले, "घरी गेल्या गेल्या पहिलं काम, डॉक्टरकडून सात गोळ्या आणायच्या. त्याच दिवशी."

"हो बाबा," मी म्हटलं.

परत, वाल्डॉर्फ

पाच जानेवारीला संध्याकाळी पोचलो. दुसऱ्या दिवशी सहा जानेवारी, इकडे सुटी. डॉक्टर बंद. मग शनिवार-रविवार. सोमवारी ऑफिसात तुंबलेलं काम अंगावर कोसळलं. मंगळवारी वाटलं, चार दिवस तर गेलेच, आता काय घ्यायच्या? बाहेर उणे सहा तापमान, इथे डास औषधाला नाही. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

पण बाबा रोज जेवताना विचारायचे, "गोळी?"

"घेतली, बाबा."

सात दिवस त्यांनी विचारलं. सातही दिवस मी घेतली म्हणाले. मित्राची जीभ ते रोज वर करून बघायचे. मिलिंदचीसुद्धा बघितली, चाळिशीच्या बाप्याची. मला मात्र ते कधी "तोंड उघड" म्हणाले नाहीत. सून आहे ना मी. आमच्या बेडरूमच्या दाराशी आले तरी खाकरून बाहेरच उभे राहणारे ते, सुनेच्या तोंडात डोकावणार कसे? मला हे ठाऊक होतं, आणि त्याचाच मी फायदा घेतला. हे लिहिताना आजही कानशिलं गरम होतात.

त्या सहा तारखेचीच एक गंमत सांगायची राहिली. सकाळी बाबा मित्राला घेऊन चक्कर मारून आले ते एकदम उत्साहात. "वैशाली बेटा, इकडे फवारणी होऊन गेली वाटते! दर दारावर खडूनं साल लिहून आहे!" मित्रा जमिनीवर लोळून हसायची बाकी होती. इथे त्या दिवसांत मुलं तीन राजांचे वेष करून घरोघर गातात आणि दारावर खडूने ते साल आणि राजांची अक्षरं लिहितात, घराला आशीर्वाद म्हणून. दुपारी ती मुलं आमच्याकडेही आली, त्यांत मित्राची वर्गमैत्रीण. आम्ही बौद्ध, मी जरा घुटमळले. बाबा म्हणाले, "लिहू दे न. लेकरं थंडीची आली, त्यायचं मन काऊन मोडायचं?" मुलांनी लिहिलं, २०, अक्षरं, १७. बाबा मान वाकडी करून बघत राहिले. "सही नाही केली," म्हणाले.

परतून बारा दिवस झाले त्या मंगळवारी सकाळी डोकं जड झालं. दुपारी हुडहुडी भरली, दोन रजया घेतल्या तरी दातावर दात. मग ताप, मग घाम. बुधवारी घराजवळच्या हाउसआर्ट्झकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे गेले. प्रतीक्षागृहात वीस माणसं, वीसही खोकणारी. डॉक्टर थकलेला होता, तरी प्रेमाने बोलला. ग्रिपे आहे, फ्लूची साथ आहे, आराम करा, गरम पाणी प्या. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं ते पहिलं वाक्य मी बोललेच नाही. त्यालाही वीस जणांत ते विचारायचं सुचलं नाही. आणि सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, गोळ्या पूर्ण केल्या का? घरी बाबांनी विचारलं, "रक्त पाहिलं का?" मी म्हटलं, "ग्रिपे आहे बाबा, साथच आहे." मिलिंदला फोनवर तेच सांगितलं. तो एश्बॉर्नला होता.

गुरुवारी दुपारी मी उठून बाथरूमला गेले आणि दारातच खाली बसले. लघवी चहाच्या रंगाची झाली होती. मित्रा शाळेतून आली, मला बघितलं आणि "ओपा!" अशी ओरडली की शेजारी ऐकू गेलं असेल.

बाबा दारापर्यंत आले. खाकरले. आणि मग बारा वर्षांत पहिल्यांदा ते आमच्या खोलीत आले. गुडघ्यावर बसले, माझ्या कपाळावर हात ठेवला. खडबडीत, गार हात.

"वैशाली. खरं सांग. गोळ्या घेतल्या?"

"नाही बाबा," मी म्हटलं, आणि रडायला लागले. "एकही नाही."

मला वाटलं आता हा माणूस कोसळेल, नाहीतर ओरडेल. ते म्हणाले, "बरं केलं सांगितलं." दोनदा म्हणाले. "बरं केलं, बेटा. मित्रा, गाडी बोलाव. मोठ्या दवाखान्यात."

टॅक्सीत मला अर्धवट शुद्ध होती. हायडेलबर्गच्या हॉस्पिटलच्या तातडीच्या खिडकीपाशी पुन्हा तेच. एक तरुण नर्स म्हणाला, ग्रिपेची गर्दी आहे, बसा. बाबा बसले नाहीत. त्यांनी मित्राच्या खांद्यावर हात ठेवला आणि मराठीत, सावकाश, एकेक वाक्य थांबून सांगितलं.

"सांग त्यायले. माझी आई टांझानियातून आली, चौदा दिवस झाले."

मित्राने जर्मनमध्ये सांगितलं.

"परत आल्यावरच्या सात गोळ्या घेतल्या नाहीत."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं, आणि तेही सांगितलं.

"बोटातून रक्त घ्या. काचेवर पसरा. आत्ता."

आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून दिला. मंगळवारपासूनचा माझा ताप, वेळेनुसार. कधी थंडी, कधी घाम, किती. मित्राला पाठवून ते थर्मामीटर मागून घेत होते ते यासाठी, हे मला तिथे कळलं. आकडे देवनागरीत होते. मित्राने नर्सच्या टेबलावर वाकून एकेक आकडा बोट ठेवून वाचून दाखवला.

त्या पोराने कागद बघितला, मग बाबांकडे. "तुझे आजोबा डॉक्टर आहेत का?"

"नाही," मित्रा म्हणाली, "पण त्यांना माहीत आहे."

तासाभरात डॉक्टर स्वतः धावत आली. मलेरिया, सगळ्यांत वाईट जातीचा. मूत्रपिंडावर यायला सुरुवात झाली होती. आणखी एक दिवस घरी काढला असता तर काय झालं असतं, ते तिने मला बरी झाल्यावरच सांगितलं. शिरेतून औषध सुरू झालं. सहा दिवस तिथे होते. मिलिंद पहिल्या संध्याकाळी पोचला तो बाबांच्या गळ्यातच पडला, माझ्याकडे नंतर आला. मला राग नाही आला.

घर

घरी आले त्या दुपारी बाबांनी वरण-भात केला होता. पुढच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, जेवणाबरोबर घ्यायच्या. मी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले. बाबा समोर बसले होते, ताटाकडे बघत.

मीच म्हटलं, "बाबा, विचारा ना."

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तोंड उघड."

मी उघडलं.

"जीभ वर कर."

केली. त्यांनी चष्मा नीट करून बघितलं, "हां," म्हणाले, आणि उठून नळापाशी गेले. पाठमोरे उभे राहून बराच वेळ नुसता नळ चालू ठेवला.

मग मित्राकडून खडू घेतला आणि दार उघडून बाहेर गेले. तीन राजांच्या अक्षरांखाली त्यांनी लिहिलं: तारीख. माणसं ४. ताप ०. आणि खाली सही.

फेब्रुवारीत ते चंद्रपूरला गेले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, दारावर ही खालची ओळ कसली? मी सांगितलं, माझ्या सासऱ्यांनी लिहिलीय. ते हिवताप विभागात होते, घरोघर जायचे. पुढचंही सगळं सांगितलं, जिन्यात उभ्याने, अर्धा तास. जिना धुवायची माझी पाळी आली की मी दार तेवढं सोडून बाकीचं पुसते.

दर रविवारी व्हिडिओवर बाबांचा चेहरा येतो, नेहमीसारखा अर्धा, कपाळच जास्त. कसे आहात वगैरे नंतर. आधी विचारतात, "माणसं किती, तापाचे किती?" मागच्या रविवारी मी उत्तर द्यायच्या आत मित्रा खडू घेऊन दाराकडे पळाली, आज मीच लिहिणार म्हणून. तारीख लिहिली, आकडे लिहिले, आणि तिथूनच ओरडून सांगितलं, जर्मनमध्ये नाही:

"माणसं तीन, आजोबा! ताप शून्य!"

पलीकडून बाबा म्हणाले, "सही कर."